रतनवाडी ते पाचनई : एका डोंगरवाटेचा विचार

१

प्रस्तुत लेखाचा विषय एक पाऊलवाट आहे. इ. स. २०२४ पासून अहिल्यानगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत, सह्याद्रीच्या ऐन माथ्याला लागून, रतनवाडी व पाचनई या दोन खेड्यांच्या दरम्यान ती आहे. रतनवाडी उत्तरेस, रतनगडाच्या पायथ्याशीं, प्रवरेच्या उगमाजवळ वसली आहे. पाचनई दक्षिणेस, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशीं आहे. मध्यें कात्राबाईची खिंड, कुमशेत गांव, मुळा नदीचें पात्र आणि पेठेची वाडी हे टप्पे लागतात. डोंगराची संवय असलेला माणूस रतनवाडीहून पहाटे निघाला, तर दिवस मावळण्याच्या सुमारास पाचनईस पोहोंचतो. गाडीनें जावयाचें म्हटल्यास मात्र प्रथम पूर्वेस राजुराकडे यावें लागतें व तेथून पुन्हां पश्चिमेकडे वळून डोंगरांत शिरावें लागतें. म्हणजे जीं दोन गांवें पायीं चालणाराला शेजारचीं आहेत, तीं सडकेनें जाणाराला परस्परांपासून दूर पडलीं आहेत.

या दोन गांवांच्या शेजारीं जीं प्राचीन कामें उभीं आहेत त्यांचीं वर्णनें आजवर पुष्कळ झालीं. इ. स. १८८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटिअरांत रतनवाडी व हरिश्चंद्रगड या दोहोंची माहिती आहे. हेन्री कझेन्स याच्या दक्षिणेतील मध्ययुगीन देवालयांवरील इ. स. १९३१ च्या ग्रंथांत अमृतेश्वराचें देऊळ आलें आहे. परंतु हीं वर्णनें बहुधा स्थलवार असतात. रतनवाडी एका पानावर, हरिश्चंद्रगड दुसऱ्या पानावर. दोहोंस जोडणारी वाट कोणत्याच पानावर येत नाहीं. परिणाम असा होतो, कीं एवढें सुबक देऊळ असल्या आडरानांत कोणी व कशाकरितां बांधलें, हा प्रश्न प्रत्येक प्रेक्षकास पडतो आणि त्याचें उत्तर म्हणून एखादी दंतकथा सांगितली जाते. आमचें म्हणणें असें, कीं हा आडरानाचा भास सडकेमुळें उत्पन्न झाला आहे. हींच स्थळें पाऊलवाटेवर ओळीनें मांडून पाहिलीं, तर त्यांच्या जागेचा बराच उलगडा होतो. तो कसा होतो हें दाखविणें एवढाच या लेखाचा हेतु.

२

आधीं वाटेचें स्वरूप पाहूं. रतनवाडीहून निघालेला वाटसरू प्रवरेच्या पात्राच्या आधारानें रानांत शिरतो. नदी येथें नदी म्हणण्यासारखी नसते. धोंड्यांमधून वाहणारा तो एक ओढा असतो व पावसाळा सरल्यावर तोही हळूहळू क्षीण होतो. रान मात्र दाट असल्यामुळें ऊन फारसें लागत नाहीं. पुढें वाट फुटते. उजवीकडची रतनगडावर चढते. दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे निघते. खिंडीची चढण दमविणारी आहे, पण माथ्यावर आल्यावर सगळा मुलूख एकदम समजतो. मागें प्रवरेचें खोरें व त्यापलीकडे कळसूबाईची रांग दिसते. कळसूबाईचें शिखर सुमारें ५,४०० फूट उंच असून महाराष्ट्रांत त्याहून उंच शिखर नाहीं. पुढें मुळेचें खोरें व त्याच्या दक्षिणेस हरिश्चंद्रगडाची प्रचंड भिंत. पश्चिमेच्या अंगास आजोबाचा डोंगर असून त्याच्या पलीकडे कडे तुटून खालीं कोंकण पसरलेलें आहे.

ही खिंड म्हणजे दोन खोऱ्यांमधील उंबरठा होय. तिच्या उत्तरेस पडलेला पाऊस प्रवरेस मिळतो, दक्षिणेस पडलेला मुळेस. खिंड उतरून कुमशेतास यावें, मुळेचें पात्र ओलांडावें, पेठेच्या वाडीवरून पाचनई गांठावी, असा पुढील क्रम आहे. पाचनईहून हरिश्चंद्रगडाचा चढ सुरू होतो. वाटेंत कातळाच्या मोठमोठ्या कपारी डोक्यावर येतात. सुमारें दोन तासांत वाटसरू हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशीं पोहोंचतो.

या प्रदेशांत महादेव कोळी व ठाकर यांची वस्ती आहे. नाचणी, वरई व खांचरांतील भात हीं येथील मुख्य पिकें. रानांतील हिरडा हें रोख पैशाचें साधन. पाऊस अतोनात पडतो. शेजारच्या घाटघर व रतनवाडीच्या टापूंत जिल्ह्यांतील सर्वाधिक पाऊस होतो, आणि त्याच जिल्ह्याचा पूर्वभाग अवर्षणाविषयीं प्रसिद्ध आहे. या पावसामुळें पाऊलवाटेचा वर्षांतील काळ ठरून गेला आहे. आषाढ लागल्यापासून ओढे भरतात, कातळ निसरडा होतो, धुक्यांत दहा पावलांवरचें दिसत नाहीं. चार महिने वाट बहुतेक बंद पडते. दिवाळीनंतर ती पुन्हां चालती होते. माघ महिन्यापर्यंत ओढ्यांत व टांक्यांत पाणी असतें आणि रानही वाळून मोकळें झालेलें असतें. माघ वद्य चतुर्दशीस, महाशिवरात्रीच्या दिवशीं, अमृतेश्वर व हरिश्चंद्रेश्वर या दोन्ही ठिकाणीं यात्रा भरते. शिवरात्रीची तिथि अर्थातच सर्व देशास एक आहे. परंतु या डोंगरांत ती वाट चालण्यास सर्वांत सोयीच्या दिवसांत पडते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

३

आतां उत्तर टोंकावरील अमृतेश्वराचा विचार करूं. हें शिवालय भूमिज पद्धतीच्या शिखराचें आहे. या पद्धतींत मुख्य शिखराच्या चारी अंगांवर उभ्या पट्ट्या असून पट्ट्यांच्या मधल्या भागांत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. स्तंभांवर, भिंतींवर व छतांत कोरीव काम विपुल आहे. जवळच दगडी बांधणीची पुष्करिणी असून तिच्या भिंतींतील कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ति बसविलेल्या आहेत. शिवालयाच्या शेजारीं विष्णुमूर्तींनीं युक्त असें तीर्थ असावें, ही गोष्ट बांधणारांच्या उदार दृष्टीची निदर्शक होय.

हें देऊळ कोणी बांधलें? प्रचलित समज असा, कीं उत्तर कोंकणच्या शिलाहार वंशांतील झंझ राजानें बारा नद्यांच्या उगमीं बारा शिवालयें बांधलीं व त्यांपैकींच अमृतेश्वर, हरिश्चंद्रेश्वर आणि पलीकडील खिरेश्वरचें नागेश्वर हीं होत. झंझ हा राजा काल्पनिक नव्हे. अरब प्रवासी मसूदी यानें हिजरी ३०४ त, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, चेऊल येथें त्याचें राज्य असल्याचें लिहून ठेविलें आहे. त्यानें बारा शिवालयें बांधलीं असा उल्लेखही त्याच्या वंशजांच्या ताम्रपटांतून येतो. परंतु त्याच उल्लेखांत हीं देवालयें राजानें स्वतःच्या नांवें स्थापिलीं असें म्हटलें आहे. अमृतेश्वर, हरिश्चंद्रेश्वर, नागेश्वर यांपैकीं एकाही नांवांत झंझाचा मागमूस नाहीं. शिवाय अमृतेश्वराची घडण पाहतां तें दहाव्या शतकाच्या आरंभापेक्षां अकराव्या-बाराव्या शतकांतील कामांशीं अधिक जुळतें.

या काळीं घाटमाथ्यावर कोणाची सत्ता होती, याविषयीं संगमनेर येथील ताम्रपट उपयोगी पडतो. तो यादव राजा दुसरा भिल्लम याचा, शके ९२२ म्हणजे इ. स. १००० मधील आहे. प्रवरेच्या खोऱ्यांत त्या वेळीं यादवांचा अंमल होता हें त्यावरून निश्चित होतें. मग कोंकणच्या राजाचें नांव घाटावरील देवळांस कां चिकटलें? आमच्या मतें या दंतकथेंत बांधणाऱ्याविषयींची माहिती नसली, तरी वाटेविषयींची माहिती आहे. बारा देवळें एकाच हाताचीं असा समज रूढ होण्यास, तीं देवळें एकाच फेरींत पाहणारे लोक असले पाहिजेत. प्रवरेच्या उगमाचें देऊळ, हरिश्चंद्रगडाचें देऊळ व पुष्पावतीच्या काठचें देऊळ हीं एकामागून एक पायांखालीं घालणारा यात्रेकरू नसता, तर तीं एका माळेंत ओंवलीं गेलीं नसतीं. आणि ज्या राजाचें नांव त्या माळेस दिलें तो घाटाखालचा असल्यामुळें, ही माळ ओंवणारांत कोंकणांतून चढून येणारे लोक पुष्कळ असावेत असें अनुमान करण्यास जागा आहे.

४

दक्षिण टोंकास हरिश्चंद्रगड आहे. येथील मुख्य देवालयाचें शिखर दुरूनही नजरेंत भरतें. देवळाच्या भोंवतीं कातळांत खोदलेल्या गुहा, पाण्याचीं टांकीं व सप्ततीर्थ नांवाची पुष्करिणी आहे. देवळाच्या खालच्या अंगास केदारेश्वराच्या गुहेंत पाण्यामध्यें मोठें शिवलिंग असून त्याच्या भोंवतालच्या चार खांबांपैकीं एकच आज शाबूत राहिला आहे. देवळाच्या परिसरांतून मंगळगंगेचा प्रवाह निघून पाचनईच्या दिशेनें उतरतो.

या स्थळाचा मराठी वाङ्मयाशीं असलेला संबंध विशेष महत्त्वाचा आहे. चांगदेव वटेश्वर यानें 'तत्त्वसार' नांवाचा ग्रंथ शके १२३४ त, म्हणजे इ. स. १३१२ मध्यें, या गडावर रचिला. ग्रंथाच्या शेवटीं त्यानें हरिश्चंद्र पर्वत, मंगळगंगा व सप्तस्थान यांचा नांवानिशीं निर्देश केला आहे. गडावरील कोरीव लेखांतही त्याचें नांव आढळतें. ग्रंथांतील स्थळ आणि स्थळावरील लेख अशीं दोन्ही बाजूंनीं परस्परांस दुजोरा देणारीं साधनें इतक्या जुन्या मराठी ग्रंथाच्या बाबतींत क्वचितच मिळतात.

तो काळ कोणता होता हेंही पाहावें. इ. स. १२९६ त अल्लाउद्दीनानें देवगिरीवर स्वारी केली, इ. स. १३०७ त मलिक काफूर पुन्हां चालून आला; इ. स. १३१८ त हरपालदेवाबरोबर यादवांचें राज्य संपलें. 'तत्त्वसार' हा या दोन टोंकांच्या मधला ग्रंथ होय. राजधानी कोसळत असतां मराठींतील तत्त्वविचार या डोंगरांत चालू राहिला. एकांताची जागा म्हणून चांगदेव येथें आला, एवढ्यानें मात्र या गोष्टीचा पूर्ण अर्थ लागत नाहीं. एका तापसास एक गुहा पुरते. येथें तर गुहांची रांगच आहे. एका तापसास एक टांकें पुरतें. येथें सात तीर्थांची योजना आहे. देवळाची पूजाअर्चा चालण्यास, दिव्यास तेल व नैवेद्यास अन्न मिळण्यास, कांहीं तरी उत्पन्न पाहिजे. नाचणी-वरईवर निर्वाह करणाऱ्या चार वाड्यांकडून एवढा भार चालणें कठीण. तेव्हां हें सर्व जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांवर चाललें असावें, असेंच म्हणणें प्राप्त होतें. ज्या गुहा आज आपण लेणीं म्हणून पाहतों, त्या त्यांच्या चालत्या काळीं पुष्कळ अंशीं धर्मशाळा होत्या, असें आम्हांस वाटतें.

नद्यांच्या उगमीं देवळें बांधलीं, हा जो परंपरेचा मुद्दा, त्यास आमच्या म्हणण्यानें बाध येत नाहीं. उगम पवित्र खराच. पण घाटमाथ्यावर चैत्रांत चालणाऱ्या माणसाला तोच मुक्कामाची जागाही सुचवितो. पाणी जेथें टिकतें तेथें वाटसरू थांबतो. वाटसरू जेथें थांबतो तेथें देव वस्तीस येतो. क्षेत्र व मुक्काम हीं दोन कारणें एकाच झऱ्यापाशीं येऊन मिळतात.

५

येथवर दोन्ही टोंकांचा विचार झाला. आतां हे जाणारे-येणारे लोक कोठून कोठें जात, हें पाहिलें पाहिजे. त्याकरितां आमची वाट दोन्ही टोंकांपलीकडे थोडी वाढवून पाहूं. रतनवाडीच्या पलीकडे, रतनगडाच्या दुसऱ्या अंगास साम्रद गांव आहे. तेथून करोली घाटानें ठाणें जिल्ह्यांतील शहापूर तालुक्यांत डेहण्याकडे उतरतां येतें. कुमशेताच्या पश्चिमेसही कोंकणांत उतरणाऱ्या वाटा असून त्यांपैकीं एकीस 'गुयरीचें दार' म्हणतात. हरिश्चंद्रगडाहून साधले घाटानें बेलपाड्याकडे मुरबाड तालुक्यांत उतरतां येतें. आणि गडाच्या पूर्व अंगास तोलार खिंडींतून उतरलें, कीं पुणें जिल्ह्यांतील खिरेश्वर लागतें. तेथून पुढें जुन्नर. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. त्यांतील सातवाहनांचे शिलालेख व जुन्नर भोंवतालचीं शेंकडों लेणीं हीं या घाटावरील प्राचीन व्यापाराचीं साक्ष देणारीं साधनें सर्वविश्रुत आहेत.

या सर्व घाटवाटा पूर्व-पश्चिम धांवतात. त्या कोंकण व देश यांस जोडतात. रतनवाडी-पाचनईची वाट दक्षिणोत्तर आहे. ती त्या घाटांच्या माथ्यांना परस्परांशीं जोडते. शिडीच्या पायऱ्या म्हणजे घाट, आणि त्यांस धरून ठेवणारा उभा दांडा म्हणजे ही माथ्यावरची वाट. एक घाट दरड कोसळून वा जकातीच्या जाचामुळें वा दंग्यामुळें बंद पडला, तर माथ्यावरून सरकून दुसऱ्या घाटानें उतरण्याची सोय अशा दांड्यामुळेंच राहते. इतिहासांत मोठ्या घाटांचीं नांवें आलीं, कारण त्यांवर जकात बसे व जकातीची नोंद होई. माथ्यावरच्या वाटेवर जकात नव्हती. म्हणून ती दप्तरांत अशी ठळक उमटत नाहीं.

मात्र जेथें दप्तर मुकें आहे, तेथें नांवें बोलतात. रतनगडास गणेश, हनुमान, कोंकण व त्र्यंबक असे चार दरवाजे आहेत. पहिलीं दोन नांवें दैवतांचीं. पुढचीं दोन कोणती वाट कोठें जाते तें सांगणारीं. एक दरवाजा समुद्राकडच्या मुलखाचें नांव सांगतो, दुसरा गोदावरीच्या उगमाकडे जाणाऱ्या वाटेचें. एका गडावर, एका हांकेच्या अंतरांत, कोंकण आणि त्र्यंबक हीं नांवें एकत्र यावींत, यावरून तो गड कोपऱ्यांतला नसून वाटांच्या फांट्यावरचा होता असें दिसतें. कुमशेताजवळच्या घाटास 'दार' म्हणणें हाही त्याच भाषेचा नमुना होय. दार म्हटलें कीं दाराशीं येणारें कोणी तरी आलेंच.

देवतांचीं नांवेंही असेंच सांगतात. डोंगरांस आजोबा, कळसूबाई, कात्राबाई अशीं घरच्या वडीलधाऱ्या माणसांचीं नांवें आहेत. त्यांत कात्राबाईचें नांव खिंडीस मिळालें. तोलार खिंडींत वाघाची मूर्ति कोरलेला दगड आहे व त्याची पूजा होते. दोन खिंडी, आणि दोहोंची राखण करणारीं दोन दैवतें. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं पुणें व जुन्नरच्या आसमंतांत पायीं हिंडून असें दाखविलें, कीं मातृदेवतांचीं जुनीं ठाणीं बहुधा प्राचीन वाटांच्या चव्हाट्यावर आढळतात व लेणींही त्याच वाटांना धरून खोदलीं गेलीं. त्यांचे हे निबंध इ. स. १९६२ त ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. त्यांनीं मांडलेली ही उपपत्ति अकोल्याच्या डोंगरांत पडताळून पाहण्याजोगी आहे. सपाटीवर दोन वाटा एकमेकींस छेदतात तो चव्हाटा. डोंगरांत खिंड हाच चव्हाटा. खिंडींत वाटसरू दम घेतो, मागें वळून पाहतो, पुढच्या उतरणीचें भय मनांत येतें. तेथें तो एक दगड ठेवतो किंवा हात जोडतो. असा नमस्कार पिढ्यान् पिढ्या झाला म्हणजे त्या जागेचें ठाणें होतें. तेव्हां खिंडींतील ठाणें म्हणजे किती पावलें तेथून गेलीं याची एक प्रकारची नोंदच समजावी.

६

राजसत्ता बदलल्या तशी गडांची स्थिति बदलली. इ. स. १८१८ त पेशवाई बुडाल्यावर हे सर्व गड इंग्रजांच्या हातीं गेले. गड पुन्हां कोणाच्या आश्रयाचे होऊं नयेत यासाठीं त्यांचे चढ मोडण्याचें काम झालें; शेजारच्या अलंग-मदनावरील तुटलेल्या पायऱ्या अजून पाहावयास मिळतात. परंतु पायऱ्या सुरुंगानें उडवितां येतात, पाऊलवाट उडवितां येत नाहीं. त्यानंतरच्या तीन दशकांत याच डोंगरांत महादेव कोळ्यांचे उठाव झाले. त्या लोकांविषयीं कॅप्टन मॅकिंटॉश यानें इ. स. १८३७ त एक विस्तृत निबंध लिहिला. तो आजही महत्त्वाचें साधन आहे. याच तालुक्यांतील देवगांवचा राघोजी भांगरा सरकारास दीर्घकाळ हुलकावणी देत राहिला व इ. स. १८४८ च्या मे महिन्याच्या २ तारखेस ठाण्याच्या तुरुंगांत त्यास फांशी देण्यांत आलें. पलटणीस सडक लागते. डोंगरच्या माणसास पाऊलवाट पुरते. एका खिंडींत पहारा बसला तर दुसरीनें निसटावें, नगर जिल्ह्यांतून ठाणें जिल्ह्यांत उतरावें आणि पुन्हां दुसऱ्याच घाटानें वर यावें, ही सोय माथ्यावरच्या वाटांनींच दिली. या उठावांचा इतिहास लिहितांना नकाशावर गांवें दाखवितात. वाटा दाखविल्यावांचून तो इतिहास समजणार नाहीं.

सुरुंगानें न मोडणारी ही वाट पाण्यानें व सडकेनें मात्र मोडत आली आहे. भंडारदऱ्याच्या धरणाचें काम इ. स. १९१० त सुरू होऊन १९२६ त पुरें झालें. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास मिळालें. या धरणानें प्रवरेच्या खालच्या खोऱ्यांतील शेतीचें रूप पालटलें, हा त्याचा उपकार मोठा. पण जलाशयाचें पाणी रतनवाडीच्या दिशेनें पसरलें व नदीकांठची जुनी जमीन तिच्यावरील वाटांसह खालीं गेली. पुढें काळाच्या ओघांत रतनवाडी, कुमशेत, पाचनई या गांवांस एकेक करून सडका आल्या. आजारी माणूस झोळींत घालून खिंडीवरून न्यावा लागे, तो गाडीनें जाऊं लागला. हें सुख लहान नव्हे, आणि त्याबद्दल कोणीही कुरकुर करूं नये. परंतु या सडका पूर्वेकडून एकेका गांवास येऊन मिळतात. गांवास गांव जोडण्याचें काम त्या करीत नाहींत. त्यामुळें रतनवाडीचें तोंड राजुराकडे वळलें, पाचनईचेंही राजुराकडे वळलें, आणि दोन शेजारणी पाठीस पाठ लावून बसल्या.

इ. स. १९८६ पासून हा प्रदेश कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखीव आहे. रानाचें रक्षण त्यामुळें होतें. हौशी गिर्यारोहक रतनगडाहून हरिश्चंद्रगडापर्यंत या वाटेनें जातात व तिला अगदींच बुजूं देत नाहींत, हेंही कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे. पण गिर्यारोहकास वाट ठाऊक असते, वाटेचीं नांवें ठाऊक नसतात. कोणत्या धोंड्यापाशीं ओझें टेंकावयाचें, कोणत्या झऱ्याचें पाणी वैशाखापर्यंत टिकतें, कोणत्या वळणास काय म्हणतात व तें कां, ही माहिती पूर्वी हिरड्याचें ओझें घेऊन किंवा सोयरिकीच्या निमित्तानें खिंड ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांजवळ आहे. तीं माणसें खिंड चढेनाशीं झालीं आहेत आणि त्यांच्या नातवंडांस खिंड चढण्याचें कारण उरलेलें नाहीं. देवळाचा दगड आणखी कांहीं शतकें उभा राहील. हीं नांवें मात्र एका पिढीपलीकडे टिकणार नाहींत.

इ. स. १९१० त पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तेव्हां कागद हें साधन वाळवीच्या तोंडांतून सोडविणें हें निकडीचें काम होतें. राजवाडे त्यासाठीं गांवोगांव हिंडले. त्यांनीं स्थलनामांसही इतिहासाचें साधन मानिलें. त्याच न्यायानें पाऊलवाट हें साधन मानावें, अशी आमची सूचना आहे. ती करण्यास फार मोठा खटाटोप नको. वाटेच्या दोन्ही टोंकांच्या गांवांतील जाणत्या माणसांस बरोबर घेऊन माघ-फाल्गुनांत वाट चालावी. प्रत्येक फांटा, झरा, खिंड, पुजलेला दगड यांची जागा व लोकांच्या तोंडचें नांव जसेंच्या तसें लिहून घ्यावें. प्रत्येक टप्प्यास किती वेळ लागतो तें टिपावें. आणि हें सर्व एका मोठ्या नकाशावर मांडावें. एका तालुक्यांतील अशा दहा-बारा वाटा मांडल्या गेल्या, तर आज आडरानांत एकाकी वाटणारीं देवळें, लेणीं व गड आपोआप ओळीनें लागतील. आम्हीं वर केलेलीं अनुमानें खरीं कीं खोटीं, हेंही त्याच नकाशावर ठरेल. खोटीं ठरलीं तरी नकाशा मागें राहीलच.

शेवटीं एक गोष्ट. या वाटेच्या उत्तर अंगास उगम पावणारी प्रवरा आणि मध्यावर ओलांडावी लागणारी मुळा, या दोघी कात्राबाईच्या खिंडीच्या दोन अंगांस जन्मून निरनिराळ्या मार्गांनीं पूर्वेस जातात. एक अकोल्यावरून व संगमनेरावरून जाते, दुसरी राहुरीवरून. जिल्ह्याचा बहुतेक भाग ओलांडून नेवासें तालुक्यांत त्या परस्परांस भेटतात व पुढें गोदावरीस मिळतात. त्याच प्रवरेच्या काठीं, नेवाशास, शके १२१२ त ज्ञानेश्वरी लिहिली गेली; बावीस वर्षांनीं तिच्या भगिनीच्या डोंगरांत 'तत्त्वसार' लिहिला गेला. लोककथेंतही या दोन नद्या एकाच सूत्रांत आहेत. अमृताची वांटणी करणारी मोहिनी नेवाशास, अमृत चोरून पिणारा राहू राहुरीस, आणि अमृतेश्वर प्रवरेच्या उगमीं. नद्यांना एकमेकींस गांठण्यास जें अंतर तोडावें लागतें, तें सारें या पाऊलवाटेनें एका दिवसाच्या चालीवर आणून ठेविलें आहे. ज्यांनीं ही कथा रचली त्यांस दोन्ही खोरीं एक दिसत होतीं. तीं त्यांस कोठून एक दिसलीं, हें पाहावयाचें असेल त्यानें कात्राबाईच्या खिंडींत घटकाभर उभें राहावें.